गाडीची नोंदणी राज्याची, जागेचा दाखला महापालिकेचा

नवी मोटार घ्यायची असेल तर ती उभी करण्यासाठी जागा असल्याचा महापालिकेचा दाखला आधी सादर करावा, अन्यथा वाहनाची नोंदणी होणार नाही. राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये हा प्रस्ताव मांडला, तेव्हा मध्यमवर्गाने गाडी घ्यायचीच नाही का, यावर वादाची राळ उडाली. त्या गदारोळात प्रस्तावाचा दुसरा भाग मात्र दुर्लक्षित राहिला. अट घालणार राज्य सरकार आणि दाखला देणार महापालिका. एका वाक्याने राज्यातील महापालिकांवर एक नवे काम येऊ घातले होते. त्यासाठी माणसे कोठून आणायची आणि खर्च कोणी सोसायचा, याचा उच्चार फारसा झाला नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी अधिकारांची वाटणी पाहावी लागते. मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तर वाहनांवरील कर राज्यसूचीत. शहरांना अधिकार देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिच्यासोबत बारावी अनुसूची आली. तीत अठरा विषय आहेत. रस्ते आणि पूल त्यात आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत; पण बस नाही! वाहतुकीचे नियमनही नाही. थांबा शहराचा आणि त्यावर येणाऱ्या गाडीचा परवाना राज्याच्या यंत्रणेचा, अशी ही विभागणी आहे. शिवाय हे अठरा विषयदेखील महापालिकांना आपोआप मिळत नाहीत. राज्याचा कायदा जेवढे देईल तेवढेच.

आता दाखल्याकडे वळू. महापालिकेच्या इमारत परवानगी विभागाकडे मंजूर नकाशे असतात. एखाद्या इमारतीत किती गाड्यांची जागा दाखवली होती, हे त्यावरून कळते. त्यातली कोणती जागा आज कोणाकडे आहे, हे मात्र कळत नाही, कारण तो हिशेब गृहनिर्माण संस्थेकडे असतो. बांधकाम व्यावसायिकाला स्टिल्टखालील जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. म्हणजे जागेचे वाटप करणार संस्था आणि त्यावर शिक्कामोर्तब करणार महापालिका. एकच जागा दोन सदस्यांच्या नावे दाखवली गेली, तर जबाबदार कोण? गिरगावातील चाळी, पुण्यातील पेठा, गावठाणे येथे तर नकाशातच वाहनतळ नाही. तेथील रहिवाशाला दाखला नाकारणे म्हणजे त्याच्या घराच्या वयाचा दंड त्याच्याकडून वसूल करणे.

या कल्पनेचे मूळ म्हणून जपानचा दाखला दिला जातो. तेथे १९६२ पासून असा कायदा आहे आणि घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचे सिद्ध करावे लागते. परंतु तेथे हा दाखला पोलिसांकडून मिळतो. आपल्याकडेही कल्पना नवी नाही. तत्कालीन केंद्रीय नगरविकासमंत्री व्यंकय्या नायडू यांनी डिसेंबर २०१६ मध्ये हाच विचार मांडला होता. राज्याने तो एकट्याने अमलात आणायचा म्हटले तर एक कायदेशीर पेच उभा राहतो. नोंदणीची प्रक्रिया १९८८ च्या केंद्रीय मोटार वाहन कायद्यात आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत ठरलेली आहे. समवर्ती सूचीतील विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला, तर अनुच्छेद २५४ नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय तो टिकत नाही.

पैशाचे गणित याहून बोलके आहे. दहा लाख रुपयांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आकारला जातो. दहा लाखांच्या गाडीमागे हे एक लाख दहा हजार रुपये राज्याच्या तिजोरीत जमा होतात. वाहतूक नियमभंगाच्या दंडाची वाटही तीच. ती गाडी पुढे ज्या रस्त्यावर धावते, ज्या कडेला उभी राहते आणि ज्या खड्ड्यात आदळते, ते सारे महापालिकेच्या अंदाजपत्रकातले. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावरील जकात ही महापालिकांची स्वतःची कमाई होती. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर थांबली. तिच्या जागी भरपाई मिळते, दरवर्षी आठ टक्के वाढीची तरतूदही आहे. पण मागून मिळणारा पैसा आणि स्वतः वसूल केलेला पैसा यांत फरक असतो, हे कोणताही महापालिका लेखाधिकारी सांगेल.

महापालिकेच्या हातात उरते ते रस्त्यावरील पार्किंगचे शुल्क. तेथे राजकीय धैर्याची उणीव आहे, हेही मान्य करायला हवे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, त्याला कडाडून विरोध झाला आणि अंमलबजावणी रेंगाळली. सारा दोष मंत्रालयाच्या माथी मारता येत नाही.

बससेवेची स्थिती आणखी विचित्र आहे. 'बेस्ट' १९४७ पासून मुंबई महापालिकेची आहे. तिचा तोटा भरून काढण्यासाठी महापालिका अनुदान देते. मात्र मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले, तेव्हा त्यासाठी मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागली आणि ते प्राधिकरण राज्याच्या अखत्यारीतले. पुण्यात २००७ मध्ये दोन सेवा एकत्र करून 'पीएमपीएमएल' ही कंपनी झाली. पुणे महापालिकेचा हिस्सा साठ टक्के, पिंपरी-चिंचवडचा चाळीस. तोट्याचा भारही दोघी वाहतात.

यावर उपाय म्हणून सुचवला जातो तो महानगरासाठी एकच परिवहन प्राधिकरण नेमण्याचा कायदा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने ही शिफारस केली. मुंबईसाठी २००८ मध्ये मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असे प्राधिकरण नेमले गेले, पण केवळ शासन निर्णयाद्वारे. कायद्याचे बळ नसल्याने रेल्वे, मेट्रो, बस यांना एकत्र बांधणे त्याला साधले नाही. तामिळनाडूने २०१० मध्ये, केरळने २०१९ मध्ये, तर कर्नाटकाने २०२२ मध्ये बेंगळुरूसाठी कायदा केला. एकत्रित तिकीट, एकत्रित वेळापत्रक हवे तर असा कायदा हवाच, यात शंका नाही. प्रश्न खुर्चीचा आहे. बेंगळुरूच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे देण्यात आले. आपल्याकडे तोच नमुना उचलला गेला, तर महापौर तेथे कोणत्या रांगेत बसणार?

अशा विधेयकाचा मसुदा समोर येईल तेव्हा वाचकांनी दोन शब्दप्रयोग शोधावेत. 'सल्लामसलत करून' आणि 'संमतीने'. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आज पहिला आहे. वाहने कोठे उभी राहावीत हे राज्य सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेली यंत्रणा ठरवते, स्थानिक संस्थेशी केवळ सल्लामसलत करते. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. त्या काळात ही सल्लामसलत राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याशीच होऊ शकत होती.