आनुवंशिक उत्परिवर्तन आणि पेशीविभाजनातील बिघाड : रेटिनोब्लास्टोमाच्या संदर्भात

'कर्करोग आनुवंशिक असतो' असे विधान सर्रास केले जाते. वस्तुतः वारशाने कर्करोग येत नाही. येते ती एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष प्रत. हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. बालकांच्या दृष्टिपटलात उद्भवणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या आधारे तो स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये या रोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. दोन्ही डोळ्यांत अर्बुदे असणाऱ्या बालकांत रोग लवकर प्रकटतो, हे पाहून अर्बुद निर्माण होण्यास दोन आघात लागतात, असे अनुमान त्यांनी मांडले. आनुवंशिक रुग्णात पहिला आघात जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो. दुसरा दृष्टिपटलाच्या एखाद्या पेशीत नंतर घडतो. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील आरबी-१ हे जनुक विलग करण्यात आले व या अनुमानास भक्कम आधार मिळाला.

या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीचक्रात लगामाचे काम करते. ते ई२एफ या प्रथिनांना बांधून ठेवते. त्यामुळे डीएनएच्या प्रतिकृतीसाठी लागणारी जनुके निष्क्रिय राहतात. वाढीचा संदेश मिळाला की सायक्लिन-डी व त्याची जोडीदार विकरे आरबी प्रथिनास फॉस्फेट गट जोडतात, पकड सैल होते आणि पेशी विभाजनाच्या तयारीस लागते. दोन्ही प्रती निकामी झालेल्या पेशीस अशा संदेशाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय मोकाट ई२एफमुळे मॅड२ हे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते व गुणसूत्रांची समान वाटणी बिघडते. म्हणजे विभाजन अनिर्बंध तर होतेच, सदोषही होते.

वर्गात येथे हमखास शंका निघते : एक निरोगी प्रत पुरेशी असेल, तर घराण्यात हा रोग प्रभावी लक्षणाप्रमाणे कसा उतरतो? शंका रास्त आहे. पेशीच्या पातळीवर दोष अप्रभावीच असतो. परंतु वाढत्या दृष्टिपटलात विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या इतकी मोठी असते की एखादीत तरी दुसरा आघात होणे जवळजवळ अटळ ठरते. नुडसन यांच्या हिशोबानुसार अशा बालकात सरासरी तीन अर्बुदे निर्माण होतात. अर्थात ही सरासरी झाली. काही वाहकांत एकही अर्बुद होत नाही.

कुटुंबात हा रोग पूर्वी कोणास झालेला नसतानाही बालकात उत्परिवर्तन नव्याने उद्भवू शकते. म्हणून छायाचित्रात बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसल्यास नेत्रतपासणी त्वरित व्हावी. रुग्ण बालकातील जन्मजात सदोष प्रत निश्चित ओळखता आली, तर भावंडांच्या रक्ताची चाचणी करता येते. ज्या भावंडात ती आढळत नाही, त्याची भूल देऊन वारंवार कराव्या लागणाऱ्या तपासण्यांतून सुटका होते.