जनगणनेच्या कागदावर आपण किती?

चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, तेव्हा मुंबईतली आपली अनेक कुटुंबे नायगाव, वसई, नालासोपारा, विरारकडे सरकली. आज वसई गावातल्या होळीपासून थेट विरारपर्यंत आपली माणसे भेटतात. पण हक्क अंदाजावर मिळत नाहीत, आकड्यावर मिळतात.

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता : १ कोटी १० लाखांहून अधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. त्याच गणनेप्रमाणे पालघरच्या वाट्याला सुमारे २९ लाख ९० हजार माणसे आली. त्यांतली १३ लाख ४३ हजार एकट्या वसई तालुक्यातली. जिल्ह्यात शंभरात ३७ जण आदिवासी, म्हणजे वारली, कातकरी, मल्हार कोळी वगैरे. वसईच्या किनारपट्टीला कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी. त्यांत ख्रिस्ती बांधवही मोठ्या संख्येने. रेल्वेलगत कोकण, घाट, गुजरात, उत्तर भारतातून आलेले.

या गर्दीत आपण उपरे नाही. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तेथेच सापडले.

१९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते अवघे २,४८७. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा दिली आणि १९६१ मध्ये ते झाले २७,८९,५०१! २०११ मध्ये आकडा ६५ लाख ३१ हजारांवर गेला, पण टक्का २००१ च्या ६.०३ वरून ५.८१ वर आला. कारणे अनेक असतील. त्यांतले एक आपल्याच उंबरठ्यावर आहे. प्रगणक न विचारता 'हिंदू' लिहितो आणि आपण गप्प बसतो. काहींना भीती वाटते, 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल. ही भीती आता निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क केंद्रातही मिळाले.

तरुण विचारतात, जात सोडून आलो, मग जात का लिहायची? प्रश्न रास्त आहे. पण महापालिकेत अनुसूचित जातींना किती जागा राखीव, हे जनगणनेतल्या त्यांच्या प्रमाणावर ठरते. धर्म बौद्ध लिहून जातीचा रकाना कोरा ठेवला, तर या मोजणीतून आपण गळतो. दाखल्यावरचे नाव कायद्यासाठी लिहायचे, मनात बाळगायचे नाही.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली असून तीत सर्वांची जात नोंदायची आहे. धर्म सांगताना 'बौद्ध' एवढेच सांगा, 'नवबौद्ध' नको. जात सांगताना दाखल्यावरचे नाव सांगा. प्रगणकाने काय नोंदले, ते वाचून दाखवायला सांगा.

तो भरदुपारी येईल. कर्ते माणूस कामावर असेल, घरात आई, आजी किंवा शाळेतून आलेली मुलगी असेल. म्हणून या दोन रकान्यांची गोष्ट आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांना सांगा. विहारातही सांगा, शेजारीही सांगा. जयभीम!