पियानो घेताना बोटांचा कौल घ्या

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील नोकरीनिमित्त आज या राज्यात तर उद्या त्या राज्यात; आई पेटीवर भजने म्हणणारी; आणि दहा वर्षांची मुलगी पियानोच्या नादाने वेडावलेली. आईवडिलांनी हौसेने तिला ६१ पट्ट्यांचा एक हलका कीबोर्ड आणून दिला. दोन वर्षे मुलगी रोज सायंकाळी नेमाने त्यावर बसे. धडे पाठ झाले, बोटे चपळ झाली, आलागेला कौतुक करू लागला. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात सभागृहातील जुन्या, खऱ्याखुऱ्या पियानोवर वाजवण्याची संधी तिला मिळाली. मुलगी बसली आणि पहिल्याच ओळीत गोंधळली. काही स्वर उमटलेच नाहीत, काही एकाएकी दणकन वाजले, आणि तुकडा निम्म्यावर येईतो तिची मनगटे भरून आली. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "आई, तो पियानो माझं ऐकतच नव्हता."

वाचकहो, त्या मुलीच्या मेहनतीत काहीही उणे नव्हते. आईवडिलांच्या मायेतही नव्हते. उणे राहिले ते वाद्य निवडताना. त्यांनी कानांचा सल्ला घेतला, डोळ्यांचा घेतला, खिशाचाही घेतला. फक्त बोटांना विचारायचे राहून गेले. आज आपल्या देशातील अनेक घरांतून डिजिटल पियानो घेण्याचा विचार होत असतो. आपल्याही घरी तो होत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी पट्टीचा स्वभाव कसा पारखावा, हे समजून घेणे हिताचे ठरेल.

पट्टीमागे दडलेली हातोडी

पियानोचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, १७०० च्या सुमारास झाला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा तेथील मेदिची राजघराण्याच्या वाद्यांची देखभाल करणारा कारागीर. त्या काळी प्रचारात असलेल्या हार्प्सिकॉर्ड या वाद्यात पट्टी दाबली की तार छेडली जाई. परंतु पट्टी हळू दाबा वा जोराने, नाद जवळपास सारखाच येई. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहानशी हातोडी मारण्याची युक्ती योजिली. त्यामुळे बोटाच्या जोराप्रमाणे नाद मृदू किंवा जोरकस काढता येऊ लागला. 'पियानो' म्हणजे मृदू आणि 'फोर्ते' म्हणजे जोरकस. वाद्याचे नावच मुळी या गुणावरून पडले.

या रचनेतील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. पट्टी ही एक तरफ आहे. तिचे पुढचे टोक जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. पण तेवढ्या हालचालीने मागची हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर झेप घेते. शिवाय हातोडी तारेला भिडण्यापूर्वीच पट्टीपासून सुटी होते. म्हणजे वादक तार दाबत नाही. तो हातोडी फेकतो. चेंडू हातातून सुटला की त्याच्यावर आपला काही अधिकार उरत नाही, तसेच हे. ती किती वेगाने फेकली, यावरच नादाची तीव्रता ठरते. पट्टी फारच हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही आणि स्वर मुका राहतो. त्या मुलीचे काही स्वर उमटले नाहीत, त्याचे कारण हेच.

पेटी आणि पियानो

आपल्याकडील घरांना पट्ट्यांचे वाद्य परके नाही. पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. पुढे ते वाद्य भारतात आले, हाताने भाता ओढण्याजोगे झाले आणि भजनापासून नाट्यगीतापर्यंत सर्वत्र रुळले. परंतु पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पट्टीचे काम फक्त हवेची वाट उघडण्याचे. म्हणून पेटीची पट्टी हलकी असणे हा तिचा गुणच होय.

साधा कीबोर्डही पट्टीच्या बाबतीत पेटीचाच भाऊबंद. त्याची पट्टी पोकळ प्लॅस्टिकची असते आणि आतल्या स्प्रिंगमुळे वर येते. चित्रपटगीते, सुगम संगीत, ऑर्गनच्या धर्तीचे वादन यांसाठी तो उत्तम साथीदार आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या मुलाला पियानो शिकायचा आहे, त्याच्या बोटांना हातोडी फेकण्याचे शिक्षण ही पट्टी देऊ शकत नाही. सायकल शिकलेल्याने बैलगाडी हाकायला बसावे, तसा प्रकार होतो.

डिजिटल पियानो कोठे बसतो?

खरा पियानो घरी ठेवणे सर्वांना शक्य नसते. त्यात दोनशेहून अधिक तारा ताणलेल्या असतात. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट प्रदेशांत पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्वर उतरतात. ते जुळवणारा जाणकार गावोगावी मिळत नाही. वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबाला तर ते अवजड धूड हलवणेच कठीण. डिजिटल पियानोत तारा नसतात, स्वर उतरत नाहीत, आणि कानाला हेडफोन लावून रात्रीही सराव करता येतो.

त्याच्या पट्टीखाली बहुधा दोन विद्युत् स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी पहिला जुळतो, मग दुसरा. या दोहोंमधील क्षणाचा अंश मोजून यंत्र वेग ओळखते आणि त्यानुसार नाद काढते. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी या संकेतपद्धतीत हा वेग १ ते १२७ अशा अंकांनी सांगितला जातो. म्हणजे नादासाठी येथे हातोडीची गरजच नाही. तरीही चांगल्या डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीला वजनदार हातोडीची जोड देतात. ती कोणत्याही तारेवर पडत नाही. ती असते केवळ बोटांसाठी.

वजन म्हणजे सर्व काही नव्हे

दुकानात "याची पट्टी वजनदार आहे" असे सांगितले जाते. परंतु जड पट्टी म्हणजे चांगली पट्टी असे समीकरण मांडू नये. खऱ्या पियानोची मधली पट्टी हळूहळू खाली जाण्यास साधारण ५० ग्रॅम भार पुरतो. मंद्र सप्तकातील हातोड्या मोठ्या, म्हणून डावीकडे पट्टी किंचित जड. तार सप्तकात त्या लहान, म्हणून उजवीकडे हलकी. डिजिटल पियानोत या चढउताराला 'ग्रेडेड' म्हणतात.

याहून महत्त्वाचा भेद स्प्रिंग आणि हातोडी यांतील आहे. स्प्रिंगची पट्टी जसजशी खाली जाते तसतशी अधिक ताठर होते. हातोडीची पट्टी आरंभी आपला भार जाणवून देते आणि मग स्वतःच्या वेगाने पुढे जाते. झोपाळ्याला झोका देताना जसा पहिला रेटा लागतो आणि नंतर तो आपसूक चालतो, तशी ही गत आहे. हळू दाबली तर ती नरम वाटते. झपाट्याने दाबू जाल तर विरोध करते. या विरोधाशी जुळवून घेता घेता मनगट, कोपर आणि खांदा यांचे वजन बोटांतून उतरवण्याची कला हाताला साधते.

यासाठी तीन प्रकार ओळखून ठेवावेत. पहिला साध्या स्प्रिंगचा. दुसरा 'सेमी-वेटेड', म्हणजे स्प्रिंगला थोड्या वजनाची जोड दिलेला. आणि तिसरा 'हॅमर ॲक्शन', म्हणजे हातोडीचा. पियानो शिकणाऱ्यासाठी तिसराच योग्य होय. यामाहा 'ग्रेडेड हॅमर' म्हणते, रोलँड 'प्रोग्रेसिव्ह हॅमर', कवाई 'रिस्पॉन्सिव्ह हॅमर', तर कॅसिओ 'स्केल्ड हॅमर'. नावे निराळी, मूळ कल्पना एक. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग वाद्यांत मात्र पुष्कळ अंतर असते. म्हणून केवळ नावावर विसंबू नये.

दुकानातील सहा परीक्षा

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानदाराला प्रथम नम्रपणे सांगावे, "आवाज बंद ठेवा." मोठ्या ध्वनिक्षेपकातून येणारा भरदार नाद मन मोहून टाकतो आणि शेकडो आवाजांची यादी डोळे दिपवते. म्हणून बोटांना आधी एकांत द्यावा आणि पुढीलप्रमाणे पारख करावी.

१. नाण्यांची परीक्षा : दहा रुपयांचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅम भरते. मधल्या सप्तकातील पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेजवळ एकेक नाणे हलकेच रचत जावे. सहा-सात नाण्यांनी पट्टी सावकाश खाली गेली तर ती खऱ्या पियानोच्या जवळची. काही वाद्यांत एखाददुसरे नाणे अधिक लागते, त्याने बिघडत नाही; परंतु दहा-बारा नाण्यांनीही पट्टी जागची हलत नसेल तर लहान बोटांना ती जाचक ठरेल.

२. 'काळी एक'ची परीक्षा : गायकाला 'काळी एक' लागते हे आपल्या घरी ठाऊक असते. त्या सुरात वाजवताना अंगठ्याला काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, आत शिरावे लागते. तरफेचा टेकू जितका जवळ, तितका जोर अधिक. काही वाद्यांत पट्टीची आतली लांबी आखूड असते आणि आतल्या बाजूस ती दगडासारखी जड लागते. एकच पांढरी पट्टी आधी कडेला, मग आत दाबून पहावी. फरक फार वाटला तर पुढे शिकणाऱ्याला तो रोज छळेल.

३. पुनरुक्तीची परीक्षा : एकच पट्टी दोन बोटांनी आळीपाळीने जलद वाजवावी. पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार याने १८२१ साली अशी रचना सिद्ध केली की, पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजवता यावा. मोठ्या, आडव्या पियानोत आजही तीच परंपरा चालू आहे. डिजिटल पियानोत हे काम तिसरा स्पर्शबिंदू करतो. म्हणून बिंदू दोन आहेत की तीन, हे जरूर विचारावे.

४. कुजबुजीची परीक्षा : आता आवाज सुरू करावा. शक्य तितक्या हळू स्वर काढून पहावा, मग क्रमाने वाढवत न्यावा. कुजबुज, बोलणे, हाक आणि आरोळी अशा पायऱ्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत. नाद हळूवरून एकदम मोठ्यावर उडी घेत असेल, तर पट्टी आणि यंत्र यांचे आपसात जुळलेले नाही असे समजावे.

५. खटक्याची परीक्षा : आवाज पुन्हा बंद करून भराभर वाजवावे. पट्टी तळाशी आदळताना नरम थांबते की खटखट करते? हेडफोन लावून बसलेल्या मुलाला ही खटखट ऐकू येत नाही. परंतु ती जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचते. शेजारधर्म आणि सांध्यांचे आरोग्य, दोन्ही दृष्टींनी नरम तळ बरा.

६. घामाची परीक्षा : गुळगुळीत, चकचकीत पट्टीवर ओलसर बोट घसरते. पूर्वी पट्ट्यांना हस्तिदंत लावीत. आता चांगल्या वाद्यांत तसा किंचित खरखरीत स्पर्श प्लॅस्टिकला देतात. मुंबई किंवा चेन्नईच्या हवेत राहणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

येथे एका गैरसमजाबद्दल सावध करणे अवश्य आहे. वाद्यावर 'हलका', 'मध्यम', 'जड' असा स्पर्श निवडण्याची सोय असते. तिने पट्टीचे वजन तिळभरही बदलत नाही. किती वेगाला किती आवाज द्यायचा, एवढेच बदलते. "पट्टी जड वाटली तर आत बदलून घ्या," असे कोणी सांगितल्यास त्यावर भिस्त ठेवू नये.

घरचा विचार

आता खर्चाचा विचार. पैसा मोजकाच असेल तर आवाजांची संख्या, तालांचे प्रकार, चकचकीत दिवे यांचा मोह सोडावा आणि तो पैसा पट्टीवर लावावा. आवाज पुढेमागे बाहेरच्या ध्वनिक्षेपकाने सुधारता येतो. पट्टी मात्र घेतली तशीच आयुष्यभर राहते. ८८ पट्ट्या, म्हणजे ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, असलेले वाद्य घ्यावे. ते न डगमगणाऱ्या घडवंचीवर ठेवावे. कारण हलणाऱ्या स्टँडवर उत्तम पट्टीही आपला गुण दाखवू शकत नाही. जुने वाद्य घेण्यात कमीपणा नाही. मात्र सर्व ८८ पट्ट्या एकेक करून, आधी हळू व मग जोराने, वाजवून पहाव्यात. झिजलेला स्पर्शबिंदू लगेच उघडा पडतो: एखादाच स्वर भलताच मोठा येतो किंवा मुळीच येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्यासाठी वाद्य घ्यायचे त्याला सोबत न्यावे. बाजारातून कापड आणताना आपण मुलाच्या अंगाला लावून पाहतो. मग पियानो त्याच्या बोटांना लावून का पाहू नये? दोन-तीन वाद्यांसमोर त्याला प्रत्येकी दहा मिनिटे बसवावे. डोळे मिटून तोच धडा वाजवू द्यावा. किंमत सांगू नये, कंपनी सांगू नये. मग विचारावे, "यातला कोणता तुझं ऐकतो?" मुलाचे उत्तर ऐकून आपणांस नवल वाटेल, कारण जे आपल्याला समजावून घ्यावे लागते, ते त्याच्या बोटांना आपसूक कळलेले असते.

आरंभी सांगितलेल्या कुटुंबाने पुढे हेच केले. महिनाभर दुकाने पालथी घालून, सर्वांत महाग नव्हे, पण हातोडीची पट्टी असलेले एक साधे वाद्य त्यांनी घेतले. पहिले काही आठवडे मुलगी कुरकुरत होती. बोटे दुखत, जुने धडे अडखळत. आईने सरावाचा वेळ कमी केला, पण खंड पडू दिला नाही. वर्षाने त्याच शाळेच्या, त्याच सभागृहात ती पुन्हा बसली. वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्याच, परंतु त्याहून तिच्या आईला समाधान दिले ते परतीच्या वाटेवरील एका वाक्याने: "आई, आज त्यानं माझं ऐकलं."