थेंब कुठला, आवाज कुठला

गाडीखाली तेलाचा थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर गळती असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच. तेल वरच्या एखाद्या पॅकिंगमधून पाझरतं, लोखंडाच्या कडेकडेनं उतरतं, धावत्या गाडीत वाऱ्यानं मागं रेटलं जातं आणि ज्या बोल्टाचं टोक सगळ्यांत खाली आलेलं असेल तिथून टपकतं. त्या बोल्टाचा यात काही संबंध नसतो. जुन्या गाडीचा इलाज चुकतो तो इथंच.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या दुकानांच्या ओळीत, मारुती ८०० वर हात बसलेले एक मेस्त्री आहेत. त्यांचं काम जवळून बघायला मी जातो. यावेळी पुढ्यात होती १९९७ ची, कार्बोरेटरवाली ८००. तक्रारी तीन होत्या. गिअरबॉक्सच्या खाली तेल पडतं. चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. आणि वळताना पुढून ‘कट-कट’ असा आवाज येतो. दुसऱ्या एका गॅरेजात निदान आधीच झालं होतं : क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, तेल क्लच प्लेटवर उतरलंय, म्हणून क्लच घसरतोय, गिअरबॉक्स खाली घ्यायचा, सील आणि क्लचचा सेट बदलायचा. हे निदान वेडगळ नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्याच सांध्यात ते सील असतं, ते गेलं तर तेल तिथूनच पडतं आणि प्लेट भिजली की घसरतेच. सगळं जुळत होतं. फक्त कोणी बघितलं नव्हतं.

“आधी धुवू, मग बोलू,” मेस्त्री म्हणाले.

धुण्याआधी त्यांनी बोटावर थेंब घेऊन वास घेतला. इंजिन ऑइल जुनं झालं की काळपट होतं, त्याला जळका वास येतो. गिअर ऑइल जाडसर, त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. ब्रेक ऑइल पातळ, आणि त्याची परीक्षा सोपी : वाटीभर पाण्यात थेंब टाकला तर ते मिसळून जातं, खनिज तेल मात्र तरंगत राहतं. कूलंट रंगावरून आणि गोडसर वासावरून कळतं. पण ते विषारी असतं, जिभेला लावून बघण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. हा थेंब इंजिन ऑइलचा निघाला. म्हणजे गिअरबॉक्सचं स्वतःचं तेल सुटलेलं नाही, एवढं पहिल्याच मिनिटाला पक्कं झालं.

मग डिझेल आणि ब्रशनं सगळा मळ काढला. कोल्हापूरच्या पावसातला चिखल तेलाला धरून बसतो, त्याचा थर खरवडावा लागतो. हवा मारून लोखंड कोरडं केलं आणि संशयाच्या जागांवर चक्क टाल्कम पावडर भुरभुरवली. इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, एक फेरी मारून आणली, बॉनेट उघडलं. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ स्पष्ट उठली होती. ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून आणि डिस्ट्रिब्युटरच्या बैठकीतून निघून क्लच हाउसिंगवरून खाली गेली होती. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. त्याची रबरी रिंग कडक झाली की तेल नेमकं त्या सांध्यावर ओघळतं आणि क्रँक सीलवर आळ येतो. खात्रीसाठी हाउसिंगच्या खालचा पत्रा सोडून त्यांनी आत बोट फिरवलं. बोटाला प्लेटची कोरडी काळी भुकटी लागली, तेल नाही.

इथं बहुतेक जण नवं पॅकिंग टाकून मोकळे होतील. मेस्त्रींनी आधी ब्रीदर पाइप काढला. आत मळी घट्ट बसली होती. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू खाली चेंबरात उतरतच असतो. त्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की आत दाब धरतो आणि तेल जिथं फट मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. जुन्या पॅकिंगवर कोणी तरी भरमसाट सोल्युशन फासलेलं दिसत होतं. तरी गळती थांबली नव्हती, याचं कारण त्या पाइपात होतं.

आता क्लच. प्लेट कोरडी, तरी घसरते, मग का? मेस्त्रींनी पेडल हातानं दाबून बघितलं. सुरुवातीला जो थोडा मोकळा खेळ हवा, तो नव्हताच. ८०० चा क्लच केबलवर चालतो. केबल फार ताणली गेली की पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, प्रेशर प्लेटची पकड पुरी बसत नाही. नट सैल करून खेळ दिला. मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, पेडल हळूहळू सोडलं. इंजिन गचकन बंद पडलं. प्लेट खरोखर संपलेली असती, तर इंजिन तसंच फिरत राहिलं असतं. ही परीक्षा एकदाच घ्यायची. वारंवार केली तर चांगली प्लेटही तापून खराब होते.

पेडलावरून आणखीही कळतं, आणि कानाचं हे काम मला सगळ्यांत आवडतं. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग; दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. चालत्या गाडीत गिअर काढला तरी घुमणं तसंच राहतं आणि एका बाजूला वळताना वाढतं, तर चाकाचं बेअरिंग बघायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि सोडल्यावर शांत होते, तर अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरताना कट-कट वाजते, तर बाहेरचा.

आपल्या गाडीत हाच बाहेरचा जॉइंट वाजत होता. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस गोल शिंपडलेलं होतं आणि रबर बूट घडीत फाटलेला होता. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखलपाणी आत. फाटलेला वेळेवर दिसला तर जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून, नव्या बुटावर भागतं. वाजायला लागल्यावर आतल्या गोळ्यांच्या खोबणी झिजलेल्या असतात. मग जॉइंटच बदलावा लागतो. इथं तो बदलला.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. देशात २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्या. त्यामुळं सुटे भाग गल्लोगल्ली आणि स्वस्त मिळतात. ही सोय मोठी, पण तिनंच ‘बदलून बघू’ची सवय लावली. गिऱ्हाईक पार्टचं बिल बिनतक्रार देतं. धुण्यात, वास घेण्यात, फेरी मारून ऐकण्यात गेलेल्या वेळाची मजुरी मागितली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. “एक नट तर सैल केला, त्याचे कसले पैसे?” हा प्रश्न मी तिथं ऐकलेला आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. तो नट कुठला हे कळण्यासाठी आयुष्याची वर्षं गेलेली असतात. नुसतं बघण्याची वेगळी मजुरी सांगायची आणि ती गिऱ्हाइकानं द्यायची, असा रिवाज पडल्याशिवाय असे मेस्त्री टिकणार नाहीत. त्यांच्या हाताखालची पोरंही पार्ट बदलण्यापलीकडं शिकणार नाहीत.

शेवटी बिलात होतं ते एवढंच : टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची रिंग, एक जॉइंट, बूट, ग्रीस आणि मजुरी. अ‍ॅक्सल काढला तेव्हा सांडलेलं गिअर ऑइल लेव्हलच्या बोल्टापर्यंत पुन्हा भरलं. दुसऱ्या बाजूचा बूट अजून शाबूत आहे, पण त्याच्या घड्यांत बारीक भेगा दिसताहेत. पाऊस लागायच्या आत तो बदलून घ्या, असं मालकाला सांगून मेस्त्रींनी पुढची गाडी आत घेतली.