लदेणीमागचा कुत्रा

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड व आसपासच्या शिवारात हरभरा घाट्यांवर आला की रात्रीची जागल सुरू होते, आणि रोही (नीलगाय) व रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्याच्या या कामात माळ्याखाली बसणारा कुत्रा माणसाच्या बरोबरीचा वाटेकरी असतो. त्याचे काम सावज धरण्याचे नसून वर्दी देण्याचे असते; चाहूल लागताच तो भुंकतो, शेजारच्या शेतातला त्याला साथ देतो आणि राखणदार बॅटरीचा झोत टाकून हाकारे घालतो. हे कुत्रे मिश्र वाणाचे, म्हणजे लोकभाषेत गावठी. परंतु याच वऱ्हाडाच्या वाटांवरून एके काळी राखणीसाठीच वाढवलेली एक वेगळी जात फिरत होती, ती बंजाऱ्यांच्या कुत्र्याची.

बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर केल्या जाणाऱ्या वाहतुकीला बंजारा समाज लदेणी म्हणतो. मुक्कामी गोण्यांची थप्पी रचून तिचाच कोट केला जाई आणि रात्री चोर व श्वापदे यांच्यावर कुत्र्यांची नजर असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी श्वानग्रंथांत या कुत्र्याचे वर्णन आढळते: काळ्या रंगावर करडी वा निळसर झाक, राठ तरी रेशमी केस, कान, पाय व शेपूट यांवर झालर आणि खांद्याशी उंची सुमारे 28 इंच. इराणी शिकारी कुत्र्याशी त्याचे साम्य दिसते, पण बांधा अधिक भक्कम. वेगासाठी घडलेल्या शरीरावर राखणीचे वजन चढल्यासारखा. मध्य प्रदेशातील दिंडोरीजवळच्या कुकर्रामठ मंदिराची दंतकथाही सावकाराकडे गहाण ठेवलेल्या बंजाऱ्याच्या इमानी कुत्र्याचीच आहे, आणि अशी कथा रुजण्याइतका हा प्राणी लोकांच्या परिचयाचा होता, एवढे तरी तीवरून मान्य करावे लागते.

जात म्हणजे केवळ रूप नव्हे. ज्या समूहातील नर-मादींचे मीलन पिढ्यान्‌पिढ्या आपसातच होत राहते आणि ज्याची पिल्ले आईबापांचे गुण सातत्याने दाखवतात, तो समूह म्हणजे जात. फिरत्या तांड्यात हे बंधन कोणी मुद्दाम घातले नसले, तरी वाटचालीनेच ते बऱ्याच अंशी पाळले गेले असावे. 1867 मध्ये भुसावळहून वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली, पक्के रस्ते झाले, लदेणी मोडली आणि तांडे एका जागी वसले; त्याबरोबर कुत्र्यांचीही गावातल्या कुत्र्यांत सरमिसळ सुरू झाली. कुत्री सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते, सुमारे 63 दिवसांत विते आणि एकाच विणीतील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे जात विरघळायला फार पिढ्या का लागत नाहीत, ते उमगते.

दख्खनच्या दक्षिण भागात मात्र निराळे घडले. तेथील सडपातळ, खोल छातीचा, आत ओढलेल्या पोटाचा आणि वासापेक्षा नजरेने सावज हेरणारा कुत्रा कारवानी म्हणून, तर त्याचाच झालरदार कानांचा प्रकार पश्मी म्हणून ओळखला जातो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो जोपासला आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असे सांगितले जाते. आज एक श्वानसंस्था त्याला कारवान हाउंड म्हणते, दुसरी मुधोळ हाउंड. कुत्रा एक आणि नोंदवह्या दोन, हा आपल्याकडील संस्थांचा जुनाच छंद. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने या जातीची अधिकृत नोंदही केली आहे. बंजाऱ्यांच्या कुत्र्यामागे संस्थान नव्हते, प्रदर्शन नव्हते, वंशावळीची वही नव्हती. त्याला टिकवून धरणारे एकच कारण होते, ते म्हणजे काम, आणि ते काम रेल्वेने नेले.

पोहरादेवीच्या परिसरातील एखाद्या तांड्यात आज झालरदार कानांचा कुत्रा दिसलाच, तरी त्याला जुन्या जातीचा वारस ठरवणे घाईचे होईल, कारण तशी झालर पश्मीच्या संकरातूनही येते. आई, आजी आणि पणजी कोणती हे सांगणारी नोंद नसेल, तर रूपावरून वंश सिद्ध होत नाही.