तोंडी हुकूम नको, ईमेल हवा!

भोईवाडा, नायगाव, परळ या पट्ट्यातील आपले आजोबा-पणजोबा गिरण्यांत राबले. विणकाम खात्याची दारे त्यांना बंद होती, म्हणून रिंग खात्यात राबले. जॉबरच्या तोंडी हुकुमावर काम मिळे आणि जाईही. कागद नव्हता, म्हणून दाद मागता येत नव्हती. आज गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि आपली मुले तिथे संगणकापुढे बसतात. पण साहेबांचा हुकूम अजूनही अनेकदा फोनवरच येतो. काम बिघडले की "मी असे सांगितलेच नव्हते" हे वाक्य ठरलेले असते.

यावर साधा उपाय आहे. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करा : "आज दुपारी झालेल्या बोलण्यानुसार अमुक काम शुक्रवारपर्यंत देत आहे. यात काही बदल असल्यास कळवावे." भाषा नम्र, पण नोंद पक्की.

कायदाही ही नोंद मानतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी कागदासारखी मान्यता दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीची प्रत न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ ईमेल जपा.

काही सवयी आजपासूनच लावून घेऊया :

• विषयाच्या ओळीत नेमके लिहा. "विनंती" नको, "रजा अर्ज : १२ ते १४ मार्च" हवे.
• एका ईमेलमध्ये एकच विषय मांडा.
• ज्याने काम करायचे तो "टू"मध्ये, ज्याला फक्त माहिती द्यायची तो "सीसी"मध्ये. "रिप्लाय ऑल" दाबण्यापूर्वी यादी वाचा.
• रागात लिहिलेला मजकूर ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी पुन्हा वाचा.
• नेमणूकपत्र, पगारपत्रक, रजामंजुरी यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. नोकरी सुटली की ऑफिसचा ईमेल बंद होतो. मात्र कंपनीची गोपनीय माहिती बाहेर पाठवू नका.
• इंग्रजी कच्चे असेल तर लाजू नका, छोटी वाक्ये लिहा. राज्य सरकारच्या कार्यालयाला मराठीत लिहा. १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा आहे.

परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे तोंडी साक्ष दिली, पण त्यासोबत लेखी निवेदनही सादर केले. म्हणूनच त्यांची मागणी आजही आपण शब्दशः वाचू शकतो. बोललेले विरून जाते, लिहिलेले उरते. वस्तीतल्या ज्या मुला-मुलींना पहिली नोकरी लागली आहे, त्यांना कार्यकर्त्यांनी एका रविवारी बसवून एवढे जरी शिकवले, तरी पुढचा अन्याय नोंदीविना राहणार नाही.