लेथवरची चिप काय सांगते?

लेथवर माइल्ड स्टीलचा जॉब फिरतोय आणि टूलवरून लांबच लांब चकचकीत चिप निघतेय. बघायला छान वाटतं, पण ती ब्लेडसारखी धारदार असते. जॉबला गुंडाळली तर फिनिश बिघडवते आणि हाताने ओढायला गेलात तर बोटं कापते. म्हणजे चिप आपोआप तुटायला हवी. ती कशावर ठरते?

आधी हे लक्षात घ्या: टूल धातूला सुरीसारखं कापत नाही. टूलच्या पुढे धातू दाबला जातो आणि तिरका घसरतो. पत्त्यांचा कॅट तिरका सरकवून बघा, साधारण तसंच. यालाच शिअर म्हणतात. यूजीन मर्चंट यांनी १९४५ मध्ये त्याचं गणित मांडलं. या घसरण्यामुळेच चिप मूळ थरापेक्षा जाड निघते. ०.२ मिमीचा थर काढला आणि चिप ०.५ मिमी जाड भरली, तर धातू अडीचपट दाबला गेला. टूलचा रेक अँगल वाढवला की हे दाबणं कमी होतं आणि ताकदही कमी लागते.

आता मटेरियल. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ठिसूळ असतं. त्याचे बारीक तुकडेच पडतात. माइल्ड स्टील ताणलं जातं, म्हणून चिप सलग येते. फ्री कटिंग स्टीलमध्ये गंधक मुद्दाम जास्त ठेवतात, ते चिप तुटावी म्हणूनच.

स्पीड फार कमी असेल तर स्टीलचे कण टूलच्या धारेवर चिकटून बसतात (बिल्ट-अप एज), मधूनमधून निघतात आणि जॉबचा पृष्ठभाग खरबरीत होतो. स्पीड वाढवला की हा त्रास सहसा कमी होतो.

राहिला फीड. फीड वाढवला की चिप जाड होते. जाड पट्टी वळताना लवकर तुटते. मग फीड वाढवतच जायचा का? नाही! फीड दुप्पट केला तर जॉबवरच्या रेघांची खोली, हिशेबाप्रमाणे, चौपट होते. म्हणून फिनिशिंग कटला चिप ब्रेकर असलेलं टूल घ्या. त्याची खाच पातळ चिपलाही घट्ट वळवून तोडते.

आणि तरीही चिप गुंडाळलीच, तर आधी मशीन बंद. मग हूक वापरा, हात नको.